वाडीचे तीर्थ आणि गावाचे सांडपाणी



श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती यादी पाठ असते. पृथ्वी, वायू, आकाश आणि मग चौथे पाणी. पाण्याकडून काय शिकायचे, तर स्वच्छ राहणे, अंगचा गोडवा न सोडणे आणि जवळ येईल त्याला पवित्र करणे. दहावा गुरू समुद्र. पावसाळ्यात कितीही नद्या येऊन मिळाल्या तरी तो फुगत नाही आणि उन्हाळ्यात आटत नाही. प्रवचनात हे आपण किती वेळा ऐकले असेल! मला मात्र अलीकडे एक प्रश्न छळतो, आणि तो दत्तजयंतीच्या या अंकात आपल्या मंडळींपुढे मांडावा असे वाटले. ज्या गुरूकडून निर्मळपणा शिकायचा, त्याच्या अंगावर आपण रोज सकाळी काय ओततो? आणि ओतणारे आपण नाही, नगरपालिका आहे, एवढे म्हटले की आपली सुटका होते का?

विषय सांडपाण्याचा आहे. दत्ताच्या अंकात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपला संप्रदायच नदीकाठचा आहे. औदुंबर आणि नृसिंहवाडी कृष्णेवर, गाणगापूर भीमा-अमरजेच्या संगमावर, कुरवपूर कृष्णेतल्या बेटावर, टेंबे स्वामींचे गरुडेश्वर नर्मदेवर. श्रीनृसिंह सरस्वतींनी औदुंबरला चातुर्मास केला, वाडीला बारा वर्षे राहिले आणि मग गाणगापूरला गेले. नदी बाजूला काढली तर श्रीगुरुचरित्रातली निम्मी स्थळे उरणार नाहीत.

आता शाळेतला नकाशा डोळ्यांपुढे आणा. कृष्णा महाबळेश्वराहून निघते, वाईवरून, कऱ्हाडवरून औदुंबरला येते, तिथून सांगलीला. सांगलीत तिला शेरीनाला मिळतो. हे नाव तिकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. दुसरीकडे प्रयाग चिखलीपासून पंचगंगा निघते, कोल्हापूर शहराला खेटून जाते, तिथे जयंती नाला आणि दुधाळी नाला हे शहराचे दोन मोठे नाले तिच्याकडे येतात. पुढे इचलकरंजी. आणि मग या दोन्ही नद्या मिळतात कुठे? तर वाडीला, पादुकांच्या पुढ्यात.

भीमेचेही तसेच. पुण्याची मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना, देहू-आळंदीची इंद्रायणी, सगळे पाणी शेवटी भीमेत. भीमा उजनी धरणात थांबते, पंढरपूरला चंद्रभागा म्हणवून घेते आणि पुढे कर्नाटकात गाणगापूरला अमरजेला भेटते. मी पुण्याच्या कडेला राहतो. म्हणजे माझ्या न्हाणीघराची मोरी आणि गाणगापूरचा संगम हे एकाच वाहत्या पाण्याने जोडलेले आहेत. मधे शेकडो किलोमीटर आहेत, उजनीसारखे मोठे धरण आहे, ऊन-वारा-मासे आहेत, आणि नदी वाटेत स्वतःला पुष्कळ सावरते, हेही खरे. पण जोडलेले आहेत.

वाडीचा दक्षिणद्वार सोहळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय सांगणार? पुराचे पाणी चढत चढत मंदिराच्या उत्तरद्वारातून आत येते, मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वारातून बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला रात्री-अपरात्री माणसे धावत येतात. देवाला आपण स्नान घालतो, पण इथे नदी येऊन देवाला स्नान घालते, आणि त्या तीर्थात आपण उभे राहतो. इतके सुंदर काही मी दुसरीकडे पाहिलेले नाही. आणि ते पाणी कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली करून आलेले असते. पुरात घाण विरळ होते हे मान्य. चैत्र-वैशाखात, नदीची धार बारीक झाल्यावर, ती विरळ होत नाही.

इथे आपल्यातलेच एक उत्तर ठरलेले असते. तीर्थ कधी अपवित्र होत नाही. गंगेत काहीही मिसळले तरी ती गंगाच. हे उत्तर मी थट्टेवारी नेणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. पावित्र्य ही भावाची गोष्ट आहे, ती प्रयोगशाळेत मोजता येत नाही आणि कमीही होत नाही. पण स्वच्छता मोजता येते, आणि रोगजंतू आपला भाव बघून थांबत नाहीत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली. दूषित पाणी पोटात गेल्याने होणारी ती काविळ. त्यांत भाविकही असतीलच की. आई मुलाने केलेली घाण निमूट काढते, कधी बोलत नाही. म्हणून मुलगा चाळीस वर्षांचा झाल्यावरही तिच्या पदराला हात पुसू लागला, तर आपण त्याला मातृभक्त म्हणू का? तीर्थाचे पावित्र्य न ढळणे ही नदीची थोरवी झाली. आपण ती सवलत म्हणून वापरतो, गडबड तिथे आहे.

आणि शास्त्राने ही सवलत दिलेली नाही. पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, मळलेले काही टाकू नये, हे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट आहे. मनुस्मृतीतले सगळेच आज घेण्यासारखे आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही, पण हा नियम चांगला होता आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी तो पाळला. ते लोटा घेऊन नदीपासून लांब जात. आपण तो नियम मोडला असे आपल्याला वाटतही नाही, कारण मधे पाइप आला. साखळी ओढली, आता बटण दाबतो, की विषय संपला. नदीच्या काठावर बसून जे करायची आपली छाती होणार नाही, तेच आपण दहा किलोमीटर लांबून रोज करतो. अंतर वाढले म्हणून कर्म बदलते काय?

थोडा हिशेब मांडतो. आयुष्यभर तेच केले, त्यामुळे सवय जात नाही. ज्या शहरात ड्रेनेज आहे तिथे माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरण्याची पद्धत आहे आणि त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. चार माणसांचे घर धरा. वापर ५४० लिटर, त्यातून सांडपाणी ४३२ लिटर. वर्षाचे झाले १ लाख ५७ हजार ६८० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर म्हटला तर जवळजवळ सोळा टँकर. दरवर्षी सोळा टँकर घाण पाणी दाराशी उभे करून कोणी विचारले, ‘बोला, हे कुठे ओतू?’, तर आपण कृष्णामाईकडे बोट दाखवू का? तसे कोणी विचारत नाही, म्हणून आपण सज्जन.

माझा वाटा इतका लहान की त्याने काय बिघडते, हेही एक म्हणणे असते. बँकेत व्याजाचे आकडे काढताना पैशांची पूर्णसंख्या करत असू. एका खात्यात बारा पैसे इकडे, दुसऱ्यात वीस पैसे तिकडे. खातेदाराला पत्ताही लागत नाही. पण हजारो खात्यांची बेरीज करून ती रक्कम कुठे गेली हे दाखवल्याशिवाय वही मिटत नव्हती. कोणाचेच काही बिघडले नाही म्हणून ते पैसे कोणी खिशात घातले असते, तर त्याला अपहारच म्हटले असते. नदी ही त्या बेरजेची वही आहे.

तर मग या पाण्याचे करायचे काय? करायचे ते माणसाने शोधून ठेवले आहे, आणि मला त्यात फार गंमत वाटली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पाणी आले की पहिल्यांदा ते लोखंडी जाळ्यांतून जाते. तिथे काय काय अडकते! प्लास्टिक, चिंध्या, सॅनिटरी नॅपकिन, गुटख्याच्या पुड्या, आणि अर्थातच हार, अगरबत्तीची वेष्टने. मग वाळू-खडी खाली बसू देतात. मग एका संथ टाक्यात जड घाण तळाला जाते. इथवर सगळे भांडी घासण्याआधी खरकटे काढण्यासारखे. खरे काम पुढे आहे. पाण्यात विरघळलेली जी घाण आहे, ती जाळीने निघत नाही आणि बसतही नाही. ती खाऊन संपवायला जिवाणू लागतात. मोठ्या टाक्यात तळातून हवा सोडतात, पाणी उकळल्यासारखे बुडबुडते, आणि त्या हवेवर कोट्यवधी जिवाणू वाढतात व घाण फस्त करतात. नंतरच्या टाक्यात ते जिवाणू गाळ होऊन खाली बसतात आणि वर नितळ पाणी राहते. आता मौज अशी की त्या गाळातला काही भाग काढून पुन्हा पहिल्या टाक्यात सोडतात. कशासाठी? आपल्या घरातल्या बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. ते विरजण आहे! कालच्या दह्यातले चमचाभर ठेवून आजचे दूध लावायचे, तसे. उरलेला गाळ कुजवून त्यातून वायू काढतात, वाळवतात, नीट प्रक्रिया केली तर खत होते. शेवटी क्लोरिन किंवा तत्सम काही वापरून जंतू मारायचे आणि पाणी नदीत सोडायचे.

ही जिवाणूंच्या विरजणाची रीत १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी जाहीर केली. त्याच वर्षी गरुडेश्वरला टेंबे स्वामींनी नर्मदातीरी देह ठेवला. योगायोगाला अर्थ चिकटवायची मला हौस नाही, पण सन लक्षात राहायला उपयोग होतो. तात्पर्य, उपाय शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. शोध लागायचा बाकी आहे असे म्हणायला जागा नाही.

यात एक माप असते, बीओडी नावाचे. पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, त्याचा आकडा. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. आणि स्वच्छ नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो लिटरला सात-आठ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर मैलापाणी तीसेक लिटर चांगल्या पाण्यातला सगळा प्राणवायू पिऊन टाकू शकते. मग मासे पाण्यावर तोंड काढतात आणि मरतात. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो आपण वर्तमानपत्रात पाहतो, त्यातल्या बऱ्याचशा घटनांमागे हेच गणित असते. माशाला कुणी विष घालायला पाहिजे असे नाही, त्याचा श्वास काढून घेतला की पुरे. आणि मीन हाही अवधूतांच्या चोवीस गुरूंपैकी एक आहे बरे का.

नदीत स्नान करायचे असेल तर त्या पाण्याचा बीओडी ३ पेक्षा जास्त नसावा, असा आपल्या देशातला निकष आहे. आता केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नियम बघा. २०१७ साली केंद्र सरकारने महानगरांना २० आणि बाकीच्यांना ३० ची मर्यादा घातली. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ती १० वर आणायला सांगितली. म्हणजे नियमाप्रमाणे अगदी चोख चालणाऱ्या केंद्रातून आलेले पाणीसुद्धा स्नानयोग्य नाही. ते तसे व्हायला नदीत तिचे स्वतःचे वाहते पाणी हवे. धरणातून तेवढे सोडायला हवे, उसाला थोडे कमी पडले तरी. हा मुद्दा आमच्या शेतकरी वाचकांना आवडणार नाही, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. शिवाय साध्या केंद्रात नत्र आणि स्फुरद पुरते निघत नाहीत. ते नदीत गेले की जलपर्णी माजते. इचलकरंजीजवळची हिरवीगार पंचगंगा लांबून कुरणासारखी दिसते, पण ते कुरण आपल्याच न्हाणीघराच्या आणि शेतातल्या खतांच्या जिवावर वाढलेले असते.

घाण लांब नेऊन टाकणे म्हणजे स्वच्छता नव्हे, हे लंडनचे लोक फार किंमत मोजून शिकले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी नासली की नदीकाठच्या पार्लमेंटात बसवेना. पडदे चुन्याच्या द्रावणात भिजवून टांगले तरी वास जाईना. मग बॅझलजेट या इंजिनियरने शहराखालून मोठमोठ्या गटारी बांधल्या आणि सगळे मैलापाणी शहराच्या खालच्या अंगाला बेक्टन व क्रॉसनेस येथे नेऊन नदीत सोडले. शहर सुटले, कॉलरा गेला. बॅझलजेटचा पुतळा उभारला ते योग्यच. पण खालच्या अंगाच्या लोकांचे काय? १८७८ साली नेमक्या त्याच जागेजवळ प्रिन्सेस ॲलिस ही प्रवासी बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि ज्या पाण्यात ती पडली ते मैलापाणी होते. त्यानंतर गाळ वेगळा काढून बोटींनी समुद्रात नेऊन टाकायला सुरुवात झाली. ते पार १९९८ पर्यंत चालू होते. मधे १९५७ साली थेम्स जैविकदृष्ट्या मेली असे तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने सांगून टाकले. नंतर प्रक्रिया केंद्रे सुधारली आणि मासे परत आले. आता तिथे सीलही दिसतात. मेलेली नदी एका पिढीत उठून बसू शकते, हे मला यातले मोठे वाटते.

आपल्या मुंबईचे पाणीही वर्षानुवर्षे असेच लांब नेले गेले. वरळी आणि वांद्र्याहून बोगद्याने समुद्रात तीन-साडेतीन किलोमीटर आत. समुद्र काय, दहावा गुरू, फुगत नाही की आटत नाही, त्याला काय होणार? त्याला होते ते कोळ्यांच्या जाळ्यात दिसते. आता मुंबईत रोज एकंदर २,४६४ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करतील अशी सात मोठी केंद्रे उभी राहत आहेत. पुण्यात जपानच्या कर्जातून अकरा केंद्रांचे काम निघाले. कोल्हापुरात कसबा बावड्याला ७६ दशलक्ष लिटरचे केंद्र आहे, दुधाळीला १७ चे. म्हणजे कोणी काहीच करत नाही हे म्हणणे खरे नाही. मग अडते कुठे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा अहवाल सांगतो की देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. प्रक्रियेची उभारलेली क्षमता ३१,८४१. त्यातली चालू असलेली २६,८६९. आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते २०,२३५ दशलक्ष लिटरवर. शंभरातले अठ्ठावीस. मी वाणिज्य शाखेचा माणूस, मला पहिल्या आकड्यापेक्षा शेवटचे तीन जास्त खुपतात. बांधले ते एक, चालते ते दुसरे, वापरले ते तिसरेच. भांडवली खर्च झाला, महसुली खर्चाला पैसा नाही. केंद्र बांधताना कोनशिला असते, नारळ असतो, फोटो असतो. ब्लोअर रात्री तीन वाजता चालू ठेवण्याच्या वीजबिलाला कोनशिला नसते. आणि विरजणाचे जिवाणू हे जिवंत प्राणी. हवा तोडली की काही तासांत नासायला लागतात, पुन्हा जमवायला आठवडे जातात.

देवळातही आपण हेच करतो, रागावू नका. कळसाला सोने द्यायला देणगीदार रांगेत उभे असतात. स्वच्छतागृहाच्या मैलाटाकीच्या उपशाला पावती फाडा म्हटले, तर खालची मान वर होत नाही. मी एका ठिकाणी हिशेब तपासायला मदत करत असे, तिथे वर्षानुवर्षे पाहिले आहे. दिसणारे दान आणि न दिसणारे दान यांत आपण निवड केव्हाच करून बसलो आहोत.

श्रीगुरुचरित्रातला नरहरी आठवा. कुष्ठाने गांजलेला माणूस. श्रीगुरूंनी त्याला औदुंबराचे वाळके लाकूड दिले आणि सांगितले, संगमावर हे लाव आणि रोज पाणी घाल. लोक हसले. वाळक्या काठीला पालवी फुटते का कधी? तो घालत राहिला. गुरूंनी त्याला यज्ञ करायला सांगितला नाही, मंदिर बांधायला सांगितले नाही. रोज पाणी घालायला सांगितले. पालवी आली ती पुढची गोष्ट. मला त्या कथेतला चमत्काराआधीचा काळ जास्त जवळचा वाटतो.

आता घरचीच गोष्ट सांगतो. आमचे गृहसंकुल दोनशेच्या वर सदनिकांचे आहे, त्यामुळे संकुलाचे स्वतःचे लहानसे प्रक्रिया केंद्र आहे. तळघरात असते, कुणी फिरकत नाही. मी खजिनदार असताना वार्षिक सभेत एका सभासदाने ठराव आणला: ब्लोअर रात्रभर बंद ठेवावा, वीजबिल वाचेल. बोलणारा मनुष्य वाईट नव्हता. गणपतीच्या वर्गणीत सगळ्यांत पुढे असतो. तो म्हणाला, “काका, शेजारच्या दोन्ही सोसायट्यांत मशीन बंदच असतं. आपलं चालू ठेवून नदी साफ होणार आहे का?” टाळ्या पडल्या. मग आमच्याच मजल्यावरचे एक वयस्कर गृहस्थ उठले, दरवर्षी सात दिवसांचे पारायण करणारे. मला वाटले आता बाजू घेतील. तेही म्हणाले, “हे नगरपालिकेचं काम, आपल्यावर का? आपण घरपट्टी भरतोच ना.”

दोन्ही म्हणण्यांत काही चूक नव्हती, हीच पंचाईत. शेजारी बंद ठेवतात हे खरे. घरपट्टी भरतो हेही खरे. मी एवढेच विचारले की आपण एकादशीचा उपास शेजारच्या सोसायटीला विचारून धरतो का? कोणी हसले, कोणी चिडले. मग मी आकडे वाचले. ब्लोअर अखंड चालवायचा तर सदनिकेमागे महिना १४० रुपये जास्त. एका वेळच्या बाहेरच्या खाण्यापेक्षा कमी. ठराव मताला टाकला आणि नऊ मतांनी पडला. जिंकलो असे मी म्हणणार नाही. सत्तरच्या वर माणसे ठरावाच्या बाजूने होती, आणि ती सगळी माझ्यासारखीच संध्याकाळी दिवा लावणारी.

त्या सभेत एक गोष्ट कोणीच बोलले नाही, मीही नाही, म्हणून इथे लिहितो. तळघरातल्या त्या केंद्रावर एक मुलगा काम करतो. जाळीत अडकलेले काढतो, पंप तुंबला की साफ करतो. आपण निष्काळजीपणे जे जे टाकतो, ते शेवटी कुणाच्या तरी हातात येते. गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे उतरतात आणि आत गुदमरून मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली, यावरूनच समजा की हे थांबलेले नाही. निर्मळपणा शिकवणाऱ्या गुरूंची यादी पाठ असलेल्या समाजात घाण काढणाऱ्याला आपण पाणी द्यायचे तर वेगळा पेला काढतो, अशी घरे मी या डोळ्यांनी पाहिली आहेत, शहरात, अलीकडे. सोवळे सांभाळायचे ते आपण, आणि आपले सोवळे ज्याच्या जिवावर टिकते तो ओवळा. हा हिशेब कुठल्या वहीत बसतो?

पुष्कळांना यावर करायचे काय, हे हवे असते. मोठे काही नाही. तेल, फेनेल, ॲसिड मोरीत कमी ओतावे, विरजण मरते. चिंध्या आणि पुड्या कचऱ्यात टाकाव्यात. निर्माल्य आणि जुने कपडे संगमावर सोडायचे थांबवावे, जरी मैलापाण्यापुढे त्यांचा वाटा लहान असला तरी. आणि नगरसेवक मत मागायला आला की गटार आणि दिवाबत्तीबरोबर एक प्रश्न विचारावा: आपल्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गेल्या महिन्याचा बीओडी किती? तो गांगरेल. पुढच्या वेळी विचारून येईल. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याचे मोजमाप नियमित करते, ते आकडे लोकांना बघता येतात. नातवाला सांगितले तर तो पाच मिनिटांत काढून देतो. कोल्हापूरच्या वाचकांनी पौर्णिमेला वाडीला निघताना एकदा वाकडी वाट करून बावड्याचे केंद्र बाहेरून तरी बघून घ्यावे. पादुकांच्या दर्शनाच्या वाटेवरचेच ते एक ठिकाण आहे, असे मला वाटू लागले आहे.

पौष महिन्यात आमच्या मजल्यावरच्या चौघांचे गाणगापूरला जायचे ठरले आहे. त्यातल्या दोघांनी त्या ठरावाच्या बाजूने हात वर केला होता, पारायणवाले गृहस्थ त्यांतलेच. गाडीचे आरक्षण मीच काढले, चौघांचे एकत्र.